थेंबभर तेल

११ जून

बाळ,

तुझ्या खात्याचं फर्मान पोचून महिना झाला. मालकांनी ते जेवणघरात सगळ्यांसमोर वाचलं, आणि खाली सही कुणाची हे सांगताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती घरून करवून आणली होती. टक्कल पडलं, खात्यात मोठी खुर्ची मिळाली, पण ताईला आधी दोन ओळी लिहाव्यात एवढं काही सुचलं नाही तुला. असो. तू लहानपणीही काच फोडून झाल्यावरच सांगायला यायचास.

तर आता आमच्या कारखान्यात गजराची घड्याळं होणार नाहीत. घंटेचे साचे फडक्यात गुंडाळून गोदामात गेले. तबकड्या छापायचं यंत्र चार जणांनी ढकलत नेलं, ते दारात अडकलं, तेव्हा अर्धी चौकट काढावी लागली. त्या जागी तुम्ही पाठवलेली नवी यंत्रं आली आहेत. तोफगोळ्याच्या टोकाला एक घड्याळ बसतं म्हणे, ते आता आम्ही करायचं. पोरींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'नाक' ठेवलं. ह्या नाकाला काटे नाहीत, तबकडी नाही, घंटा नाही. गोळा सुटला की ते चालू होणार, ठरलेला वेळ संपला की गोळा फोडणार. म्हणजे जन्मात एकदाच चालायचं. एवढ्यासाठी दातेरी चाकं घासायची!

पॉलिशवाला म्हणाला, बाई, इतकी वर्षं आपण लोकांना उठवत होतो. मी म्हटलं, प्रवचन पुरे, हात चालव. हा पॉलिशवाला म्हणजे तोच, मागे मी लिहिलं होतं तुला, सगळे ज्याला शंकासुर म्हणतात. पगारवाढीच्या सभेतही ह्याने उभं राहून विचारलं, की ही वाढ लढाई संपल्यावर परत घेणार का. मालकांना घाम फुटला.

पगार वाढला हे खरं आहे. माझ्या शेजारणीचा नवरा दोन वर्षं घरी बसून होता, त्यालाही आमच्या फाटकाशी काम मिळालं. तिच्या घरात आता फ्रीज आला, आणि ती मला खिडकीतून हाक मारून थंड पाणी देते. तिला मी काय सांगू, की मला हे रुचत नाही म्हणून?

परवा एक नर्स फाटकाशी आली होती. पहाटेची पाळी असते, दुकानांत गजराचं घड्याळ मिळेना, म्हणून थेट कारखान्यात. दारवान तिला हाकलत होता. मी माझं घरचं आणून दिलं. आता मला शेजारणीच्या भांड्यांच्या आवाजाने जाग येते.

माझं एकच मागणं आहे. एक टेबल तरी घड्याळांना राहू दे. चार बायका आणि एक टेबल. तुझ्या लढाईचं त्याने काही अडणार नाही.

ताई

२९ जून

ताई,

साष्टांग नमस्कार आणि काच फोडल्याची कबुली. आधी लिहायला हवं होतं, चुकलो.

टेबल देता येणार नाही. तुला एक टेबल दिलं की उद्या सगळे येतील. मुलांच्या तीनचाकी सायकली करणारा येऊन बसला होता, निदान लाल रंगाच्या तरी करू द्या म्हणाला. तो आता दारूगोळ्याच्या ढकलगाड्या करतो. पातेल्यांचा कारखाना शिरस्त्राणं करतोय. शिलाई मशीनवाले काय करतात ते तुला लिहू शकत नाही. पहिले दोन महिने हे लोक माझ्याशी भांडायला येत होते. आता उलटं झालंय, आमचाही कारखाना घ्या म्हणून बाहेर बाकावर बसून असतात. नफा दिसला ना. कधी कधी वाटतं, उद्या शांतता झाली तर ह्या सगळ्यांना मी काय काम देणार? तो प्रश्न आमच्या इमारतीत कुणाच्याच टेबलावर नाही.

मी दमलोय. घरी गेलो की ही बोलत नाही. कारण तुला कळवायचंच होतं. टिल्लू सैन्यात गेला. नाव टिल्लू आणि उंची सहा फूट, त्यामुळे त्याला लगेच घेतलं. तोफखान्यात आहे. ही म्हणते, तुम्ही लोकांच्या कारखान्यांना लढाईला लावलंत, मग तुमचा मुलगा कसा मागे राहील. मी जेवून झोपतो.

एक मात्र सांगतो. तुमच्याकडची नाकं टिल्लूच्याच भागात जाणार आहेत, ते मी नकाशावर पाहिलं. तुझ्या हातचं काम आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. नीट करून घे.

बाळ

१८ ऑगस्ट

बाळ,

टिल्लूचं वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. त्याला तोफेजवळ कानात कापूस घालायला सांग. लहानपणी कान फुटायचा त्याचा, डावा.

तू नीट करून घे म्हणालास, ते मी मनावर घेतलंय. आधी पोरी पाट्या टाकत होत्या. एकदाच चालायचंय, कोण बघतंय, असं. मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की माझा भाचा त्या तोफेवर आहे, आणि तुमच्यापैकीही कुणाचं तरी कुणी आहेच. त्या दिवसापासून कुणी मान वर केली नाही. मग मला वाईट वाटलं. हे असं सांगून काम करून घ्यायचं, हे मला घड्याळांच्या वेळी कधी लागलं नव्हतं.

तुमच्या खात्याच्या आराखड्यात एक गोष्ट राहून गेली होती, ती मीच सुधारली. सगळं लिहिलंय, कुठला स्क्रू किती आवळायचा तेसुद्धा, पण तेलाचं नावच नाही. मला हसू आलं. साहेब लोकांनी कागदावर घड्याळ काढलं, त्यांना तेलाचं कुठून आठवणार. आमच्याकडे कोरडं घड्याळ टेबलावरून कुणी पुढे सरकवत नाही. मी गोदामातून जुन्या तेलाची बाटली काढून घेतली, तेच आपलं गजराच्या घड्याळाचं, पिवळसर, आणि प्रत्येक नाकाच्या चाकांच्या टोकांवर सुईने थेंब द्यायला सांगितलं. तेव्हापासून असं चालतं की कानाला गोड वाटतं. तपासणीवाल्यांनीही नावाजलं.

शंकासुराने विचारलंच, बाई, कागदात नसताना? मी म्हटलं, तुझ्या आईने तुला कागद वाचून वाढवलं का.

टिल्लूचा पत्ता पाठव. स्वेटर विणते आहे, बाह्या लांब ठेवल्या आहेत.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही, आमच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. वाचून जाळ.

डोंगरात बर्फ पडल्यापासून गोळे फुटत नाहीत. सुटतात, जाऊन पडतात आणि गप्प राहतात. टिल्लूचं पत्र आलं. त्यांची तुकडी मारा करत राहिली, समोरचे चालत वर आले, कारण त्यांना थांबवायला काही फुटलंच नाही. त्याच्याबरोबर जेवायला बसणारा मुलगा गेला. टिल्लूला खरचटलं आहे, एवढंच लिहितो. ही दाराकडे तोंड करून बसलेली असते.

सगळी न फुटलेली नाकं तुमच्या कारखान्याची आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, घातपात. चौकशीसाठी माणूस निघालाय. तुला विचारतील. तू जुळणीची मुख्य आहेस, तेव्हा शांतपणे उत्तरं दे, आणि तुमच्यात लढाईविरुद्ध बोलणारं कुणी असेल तर ते लपवू नकोस. तेवढ्याने तुझ्यावरचं बालंट टळेल.

बाळ

२० डिसेंबर

बाळ,

तुझा ड्रायव्हर आज पुन्हा आलाय, बाहेर थांबलाय, तेव्हा भराभर लिहिते.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच शंकासुराला नेलं. कुणी नाव घेतलं ते माहीत नाही. मी नव्हे. पण घ्यायची गरजच कुठे होती, त्याने जन्मभर प्रश्न विचारलेत. पॉलिशचा काळा हात तसाच होता, धुऊही दिला नाही. त्याची बायको फाटकाशी येते, माझ्याकडे बघते आणि जाते.

मला राहवेना. आमच्या हातून असं कसं झालं? एक तयार नाक घेतलं आणि जेवणघरातल्या बर्फाच्या पेटीत दुधाच्या पिशव्यांखाली ठेवून दिलं. जेवणानंतर काढलं, चालू करून कानाला लावलं. काही नाही. झाकण उघडलं तर माझं तेल मेणासारखं घट्ट झालेलं. बाळ, गजराचं घड्याळ माणसाच्या उशाशी असतं. ते बर्फात जाईल हे आमच्यातल्या कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मग तेल न घातलेलं एक नाक ठेवून पाहिलं. ते रडत-रखडत का होईना, पण चाललं.

घातपात नाही, काही नाही. मी केलंय ते. कामाची लाज वाटू नये म्हणून केलं.

आता सांग, मी काय करू? गप्प बसले तर तो निर्दोष माणूस आत सडेल आणि टिल्लू मुक्या तोफेपाशी उभा राहील. बोलले तर तेल बंद होईल, गोळे फुटायला लागतील, आणि समोर जे कुणी आहेत त्यांच्याही घरी कुणाची तरी आत्या स्वेटर विणत असेलच. इतके दिवस ही नाकं फुटत नव्हती, आणि मला खरं सांगायचं तर, टिल्लूचा मित्र गेल्याचं वाचून रडल्यावरसुद्धा, मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलं होतं. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

ताई

२६ डिसेंबर

ताई,

कुणाजवळ काही बोलू नकोस. तेल आजपासून बंद कर, कारण विचारलं तर तेल संपलं म्हण. नवी नाकं चालतील, टिल्लू सुखरूप राहील, सगळं आपोआप निवळेल. पॉलिशवाल्याविरुद्ध पुरावा नाही, त्याला आज ना उद्या सोडतील. तू मध्ये पडलीस तर तुझ्या वयाला तुरुंग झेपणार नाही. मी तुझ्या काळजीने लिहितोय. एवढं ऐक.

बाळ

१५ जानेवारी

बाळ,

नाही ऐकलं. तेल मात्र बंद केलं, ते तू म्हणालास त्याच दिवशी.

मी चौकशीवाल्यासमोर बसले आणि बाटलीपासून बर्फाच्या पेटीपर्यंत सगळं सांगितलं. भला माणूस होता, सर्दीने बेजार. तो नाक पुसत म्हणाला, बाई, तेल तुम्ही घातलंत हे कळलं, पण माल पाठवण्याआधी तो गारठ्यात ठेवून तपासायचा नियम आहे. तो तपासला असता तर पहिल्याच खेपेला हे उघड झालं असतं. ती तपासणी घाईसाठी वगळायला कुणी सांगितलं, ठाऊक आहे? मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने तुझ्या टेबलाचं नाव घेतलं.

मला वाटलं होतं, तू माझ्यासाठी मला गप्प बसवतो आहेस. चार दिवस मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपले होते, माझ्या भावाला माझी किती काळजी म्हणून. तुला घातपात हवा होता, बाळ. घातपात नसता तर तुझी सही उरत होती. शंकासुराच्या बायकोला चार महिन्यांचं पोर आहे, हे तुला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी तू तेच केलं असतंस का, हे मी स्वतःला विचारते.

मला शिक्षा झाली नाही. हेतू नव्हता म्हणाले. भिंतीवर पाटी लागली आहे, तेल घालू नये. शंकासुर सुटला. मी त्याच्या घरी गेले, माफी मागायची होती. त्याने दारातच विचारलं, "तेल थांबवलंत?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग मी आतच बरा होतो." आणि दार लावून घेतलं.

आता रोज कोरडी नाकं जातात. मी ती मोजत नाही, बघतही नाही. एकच आधार धरून आहे. बर्फ पडल्यापासून आमची तेलाची जेवढी सुटली ती तशीच पडून आहेत, त्यांनी कुणाचा जीव घेतला नाही. तेवढं तरी माझ्या हातून चांगलं झालं, न कळता का होईना. हे तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

टिल्लूला मी वेगळं लिहीन. तुला इतक्यात लिहिणार नाही.

ताई

९ मे

ताई,

चार महिने तू लिहिलं नाहीस. मी तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. तुझं प्रत्येक वाक्य खरं आहे. तपासणी मीच वगळली. वरून माणूस दारात उभा होता, माल आज पाहिजे म्हणून, आणि मला वाटलं ताईचा कारखाना आहे, ताईचं काम तपासायचं काय. हा बहाणा नाही, झालं तसं सांगतोय. माझी बदली झाली. आता मी टेबलं-खुर्च्यांचा हिशेब ठेवतो. हिने काल मला चहा विचारला.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. लढाई थांबली आहे, हे तुम्हाला रेडिओवर कळलंच असेल. तुमची तेलाची नाकं जिथे पडली तो सगळा भाग आता आपल्याकडे आहे, आणि तिथले लोक घरी परतलेत. बर्फ वितळलं. उन्हं तापली. ताई, ती नाकं जागी होतायत. तेल पातळ झालं की आतलं घड्याळ थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. शेतात नांगर धरलेला एक माणूस गेला. दोन पोरी सरपणाला गेल्या होत्या, त्यांचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

तू काढून घेऊ नकोस म्हणाली होतीस, आणि मीच काढून घेतोय. पण तुला विचारल्यावाचून गत्यंतर नाही. टिल्लूच्या तुकडीला ती शेतं साफ करायला लावलंय. त्यांचे साहेब म्हणतात, पाच-सहा महिने पडून राहिलेला गोळा मेलेला असतो, जे चालू व्हायचे ते होऊन गेले. पोरं कान लावून ऐकतात, आवाज नाही आला तर उचलून गाडीत ठेवतात. टिल्लूने लिहिलंय, आत्याला विचारा. तिने केलीत, तिला कळेल, ही आता मेली म्हणायची का. तोवर त्याने पुढची रांग हाती घेतली आहे. मी इथून काही थांबवू शकत नाही, खुर्च्या मोजणाऱ्याचं कोण ऐकतं.

लवकर कळव. त्याचा पत्ता मागे लिहिलाय, सरळ त्यालाच लिही.

बाळ

११ मे

टिल्लू,

तुझ्या बाबांचं पत्र आत्ता हातात पडलं. ते आणणाऱ्या त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने हे घेऊन रातोरात तुझ्यापर्यंत यायचं कबूल केलंय. तारही केली आहे, पण तारेत एवढं सांगता येत नाही.

ती नाकं मेलेली नाहीत. तुझ्या साहेबांना सांग, ज्या बाईने ती जुळवली ती सांगते. ते ऐकत नसतील तर हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव आणि तू कामावर जाऊ नकोस. त्याची जी शिक्षा होईल ती भोग.

नीट वाच. घड्याळ बिघडतं तेव्हा काहीतरी मोडतं किंवा झिजतं. ह्यांच्यात तसं काही नाही. प्रत्येक स्प्रिंग मी हातात घेऊन पाहिलेली आहे, वाकडी असेल ती बाजूला काढली आहे. प्रत्येक चाक पॉलिश केलेलं आहे. ज्याने ते केलं त्याला आम्ही तुरुंगात धाडलं, इतकं चांगलं केलं होतं त्याने. ती फक्त थांबली आहेत. थांबली तेव्हा जेवढा वेळ उरला होता तेवढा अजून आत आहे. कुणात किती, हे मला सांगता येणार नाही रे. तेवढं कळलं असतं तर मी स्वतः आले असते. आवाज येत नाही म्हणजे काही नाही, सावलीत गार असेल. तुम्ही उचलून उन्हात गाडीवर ठेवता, तुमच्या हाताची ऊब लागते. तेवढीही पुरेल.

गावातल्या लोकांना सांग, ह्या वर्षी पेरू नका. पोरांना बाहेर सोडू नका. त्यांना सांगताना माझं नाव सांगितलंस तरी चालेल. शिव्या देऊ देत.

तू सहा महिन्यांचा असताना तुला झोपवायला मी उशाशी घड्याळ ठेवायची, आणि तुझी आई म्हणायची, आत्याच्या हातचं आहे, बंद पडायचं नाही. ती खरं बोलत होती. माझ्या टेबलावरून गेलेलं एकही कधी परत आलेलं नाही. तुला वाटेल, आत्याने केलंय, आपल्याला काय होतंय. तेवढं मनातून काढून टाक. आत्याने केलंय, म्हणूनच लांब राहा.

आत्या